रेडिओ-केंद्रांचें एकत्रीकरण : कमावलें काय, गमावलें काय



बाजारांतील एखादें दुकान विकलें गेलें, तर काय विकलें गेलें हें सांगणें सोपें असतें. जागा, माल, फर्निचर, उधारीच्या वह्या आणि गिऱ्हाइकांची घसट, या सर्वांचें मोल ठरवितां येतें. कापसाची जिनिंग फॅक्टरी विकली गेली, तर यंत्रें आणि आवार मोजून घेतां येतें. परंतु एका कंपनीनें दुसरीचें रेडिओ-केंद्र विकत घेतलें, किंवा एका सरकारनें दुसऱ्या सरकारचें केंद्र आपल्या ताब्यांत घेतलें, म्हणजे नेमकें काय हातीं येतें? उंच मनोरा आणि प्रक्षेपक यंत्र तर पैसे टाकल्यास कोणासहि नवें आणतां येईल. मग दुसऱ्याचें जुनें केंद्र घेण्यासाठीं एवढी धडपड कां? आणि ज्या गांवचें केंद्र असें परक्या हातीं जातें, त्या गांवाच्या पदरांत काय पडतें व त्याच्या हातून काय निसटतें? आजच्या भाषणांत या दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. वरवर पाहतां हा विषय मुंबई-दिल्लीच्या व्यापाऱ्यांचा वाटतो. परंतु आपल्या जालना-औरंगाबाद भागानें हा अनुभव एकदां प्रत्यक्ष घेतलेला आहे.

प्रथम पहिल्या प्रश्नाकडे वळूं. रेडिओच्या लहरी दिसत नाहींत, तरी त्यांना जागा लागते. एकाच प्रदेशांत एकाच कंपनसंख्येवर दोन केंद्रें बोलूं लागलीं, तर एका वर्गांत दोन शिक्षकांनीं एकदम शिकविल्यासारखें होतें. कोणाचेंच कांहीं ऐकूं येत नाहीं. म्हणून प्रत्येक देशाचें सरकार कोणी कोणत्या कंपनसंख्येवर बोलावें हें नेमून देतें, आणि एका शहरांत अशा जागा मोजक्याच असतात. तेव्हां केंद्र विकत घेणारा जें मुख्यतः घेतो, तें म्हणजे बोलण्याची परवानगी. यंत्र नवें मिळतें. परवानगी मागतां क्षणीं मिळत नाहीं. परवानगीखालोखाल मोलाची वस्तु म्हणजे श्रोत्यांची संवय. सकाळीं सात वाजतां ज्या घरांत अमुक आवाज लागतो, त्या घरांत तो वर्षानुवर्षें लागत राहतो. तिसरें कारण हिशेबाचें आहे. एक गाणें, एक नाटक, एक बातमीपत्र तयार करण्यास जो खर्च येतो, तो एका केंद्रावरून ऐकविलें काय किंवा चाळीस केंद्रांवरून ऐकविलें काय, जवळजवळ तेवढाच राहतो. जाहिरातदारालाहि चाळीस गांवच्या चाळीस मालकांशीं घासाघीस करण्यापेक्षां एकाच मालकाशीं करार करणें सोयीचें पडतें. म्हणजे केंद्रें जसजशीं एका हातीं येतात, तसतसा दर केंद्रामागील खर्च उतरतो आणि उत्पन्न वाढतें. एकत्रीकरणाचें सर्व गणित या तीन गोष्टींत सामावलेलें आहे.

आतां हें गणित आपल्या देशांत कसें सुटत गेलें तें पाहूं. हिंदुस्थानांत नियमित ध्वनिक्षेपण सुरू झालें तें खासगी कंपनीच्या हातून. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचें उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनीं केलें, आणि पुढच्याच महिन्यांत कलकत्त्याचें केंद्र सुरू झालें. प्रत्येकीं दीड किलोवॉट शक्तीचीं तीं यंत्रें. त्यांचा आवाज स्पष्टपणें पोंचे तो शहराभोंवतींच्या तीस मैलांच्या आंत. रेडिओ ठेवणारानें वर्षाला दहा रुपये परवाना-शुल्क भरावयाचें आणि त्यांतील आठ रुपये कंपनीस मिळावयाचे, अशी योजना होती. परंतु १९२९ अखेर सबंध देशांत परवाने निघाले ते आठ हजारांच्या आंत. एवढ्या उत्पन्नावर दोन केंद्रें चालणें शक्य नव्हतें. १ मार्च १९३० रोजीं कंपनीचें दिवाळें निघालें आणि १ एप्रिलपासून सरकारनें दोन्ही केंद्रें ताब्यांत घेतलीं. पुढें सबंध देशांत पसरलेल्या संस्थेचा पाया घातला गेला तो असा, एका बुडालेल्या कंपनीचीं केंद्रें घेऊन. १९३१ च्या ऑक्टोबरांत पैशाच्या तंगीमुळें तीं बंद करण्याचें सरकारनेंहि ठरविलें होतें. लोकांनीं ओरड केल्यावर पुढच्याच महिन्यांत तो निश्चय फिरवावा लागला.

८ जून १९३६ रोजीं या सरकारी खात्याला ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें. त्यानंतर नवीं केंद्रें निघालीं, तशींच दुसऱ्यांनीं काढलेलींहि सामील होत गेलीं. पेशावरचें केंद्र वायव्य सरहद्द प्रांताच्या सरकारनें चालविलेलें होतें. तें १९३७ सालीं मध्यवर्ती सरकारकडे आलें. मद्रासेंत १९२४ पासून एका हौशी क्लबानें ध्वनिक्षेपण चालविलें होतें. क्लब थकल्यावर त्याचें यंत्र तेथील नगरपालिकेनें घेतलें आणि १९३० पासून आपलें केंद्र चालविलें. १९३८ सालीं तेथें ऑल इंडिया रेडिओचें केंद्र उघडल्यावर नगरपालिकेचें काम संपलें. १९४७ सालीं फाळणी झाली तेव्हां या संस्थेचीं नऊ केंद्रें होतीं. त्यांपैकीं लाहोर, पेशावर आणि डाक्का हीं पाकिस्तानांत गेलीं. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली हीं सहा आपल्याकडे राहिलीं.

त्याच वेळीं संस्थानांच्या मालकीचीं पांच केंद्रें वेगळीं होतीं : म्हैसूर, त्रिवेंद्रम्, बडोदें, हैदराबाद आणि औरंगाबाद. आपला संबंध येतो तो येथें. हैदराबादेस प्रथम खासगी रीतीनें सुरू झालेलें लहानसें केंद्र १९३५ सालीं निजाम सरकारनें आपल्या ताब्यांत घेतलें. त्यालाच डेक्कन रेडिओ म्हणूं लागले. पुढें संस्थानाच्या मराठी भागासाठीं औरंगाबादेसहि एक लहान केंद्र निघालें. जालना त्या वेळीं औरंगाबाद जिल्ह्यांतच होतें. स्वतंत्र जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजीं. म्हणजे जालना, अंबड, भोकरदन, परतूर या गांवांच्या सर्वांत जवळ बोलणारें केंद्र औरंगाबादचें होय.

परंतु जवळचें केंद्र म्हणजे आपलें केंद्र, असा हिशेब घाईनें करतां येत नाहीं. संस्थानच्या राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. केंद्राचा मालक दरबार. १९४७-४८ च्या अस्वस्थ वर्षांत डेक्कन रेडिओ हें दरबाराचें आणि रझाकारांचें मुखपत्र बनलें होतें. ज्या लोकांची शेतें व घरें धोक्यांत होतीं त्यांचें म्हणणें मांडण्यास त्या केंद्रावर जागा नव्हती. सप्टेंबर १९४८ मध्यें भारतीय फौजा संस्थानांत शिरल्या, आणि १७ तारखेस त्याच रेडिओवरून लायक अली मंत्रिमंडळाचा राजीनामा व खुद्द निजामांचा युद्धबंदीचा संदेश लोकांनीं ऐकला. ज्या यंत्रानें वर्षभर एक बोलावें, त्यानेंच एका संध्याकाळीं नेमकें उलट बोलावें, हा प्रसंग विचार करण्यासारखा आहे. यंत्राला स्वतःचें मत नसतें. मालक बदलला कीं शब्द बदलतात.

बडोद्याचें केंद्र १९४८ च्या अखेरीस, आणि हैदराबाद, औरंगाबाद, म्हैसूर व त्रिवेंद्रम् हीं चार केंद्रें १ एप्रिल १९५० रोजीं ऑल इंडिया रेडिओच्या कुटुंबांत आलीं. यांत लाभ झाला हें उघड आहे. दरबारी मालकी संपली. देशांतील थोर गायक-वादक, दिल्लीचीं बातमीपत्रें आणि शिकलेले अभियंते ही सर्व सामग्री लहान केंद्रांच्या आवाक्यांत आली. राष्ट्र एक होत असतां त्याचा आवाज तुकड्यातुकड्यांनीं वांटलेला राहणें इष्ट नव्हतें.

पण वहीची दुसरी बाजूहि वाचली पाहिजे. औरंगाबादचें केंद्र ताब्यांत घेतल्यानंतर थोड्याच वर्षांत, १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धांतच, बंद झालें. एका मोठ्या संस्थेच्या नकाशावर पाहतां त्यांत कांहीं विपरीत नव्हतें. लहान यंत्र, थोडे श्रोते, खर्च मात्र ठरलेला; तें चालविण्यापेक्षां दुसरीकडे मोठें केंद्र काढणें शहाणपणाचें. परंतु नकाशावरून जो ठिपका पुसला गेला, त्याच्या भोंवतीं एक सबंध मुलूख होता. मराठवाड्यास स्वतःचें केंद्र पुन्हां मिळालें तें १९६० च्या दशकाच्या अखेरीस परभणीस, आणि औरंगाबादेस तर १९७० च्या दशकांत. मधल्या काळांत येथील शेतकरी व येथील गृहिणी रेडिओ ऐकत होती. फक्त रेडिओ त्यांच्या गांवाविषयीं बोलत नव्हता. गोदावरीच्या कांठीं पाऊस किती झाला, मोंढ्यांत कापसाचा भाव काय निघाला, हें सांगणारें कोणी नव्हतें.

म्हैसूरची हकीकत याच प्रकारची आणि अधिक बोलकी आहे. डॉ. गोपालस्वामी या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनीं १९३५ सालीं आपल्या राहत्या घरीं हौसेनें तें केंद्र उभारलें आणि त्यास आकाशवाणी हें नांव दिलें. तें केंद्र ताब्यांत आल्यावर १९५५ सालीं त्याचा कारभार बंगलोरास हलविण्यांत आला आणि म्हैसूर कांहीं वर्षें मुकें झालें. नांव मात्र राहिलें. एवढेंच नव्हे, तर तें सबंध देशाच्या ध्वनिक्षेपणाचें नांव झालें.

सर्वच ठिकाणीं असें घडलें, असें म्हणतां येणार नाहीं. गोव्यांतील पोर्तुगीज सरकारचें एमिसोरा द गोवा हें केंद्र डिसेंबर १९६१ च्या मुक्तीच्या वेळीं बंद पडलें. पण जानेवारी १९६२ मध्यें तेथेंच आकाशवाणीचें पणजी केंद्र बोलूं लागलें, आणि कोंकणी-मराठी श्रोत्यांचा धागा तुटला नाहीं. औरंगाबाद आणि पणजी यांतील भेद लक्षांत ठेवण्यासारखा आहे. ताब्यांत घेण्याची क्रिया दोन्हींकडे तीच. पुढील निश्चय निराळा.

मालकी एकवटली कीं आणखी एक गोष्ट घडते : एका माणसाची आवड सबंध देशाचा नियम बनते. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें आपल्या सर्व केंद्रांवर हार्मोनियमला बंदी केली. पेटीचे स्वर ठोकळेबाज असतात, आपल्या गायकीच्या सूक्ष्म श्रुति तिच्यांत येत नाहींत, हा आक्षेप शास्त्रदृष्ट्या अगदींच पोकळ नव्हता. परंतु आमचें नाट्यसंगीत पेटीवर वाढलेलें, कीर्तनकारालाहि पेटीची साथ हवी. स्वतंत्र केंद्रें असतीं, तर एखाद्यानें बंदी केली असती आणि दुसऱ्यानें पेटी वाजविली असती. कोण बरोबर हें श्रोत्यांनीं ठरविलें असतें. मालक एकच असल्यामुळें पेटी सर्वत्र एकदम गप्प झाली, आणि ती बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडावें लागलें.

कोणी म्हणेल, हे दोष सरकारी मालकीचे आहेत. खासगी उद्योगांत चढाओढ असते. यासाठीं अमेरिकेचें उदाहरण पाहूं, कारण तेथें रेडिओ आरंभापासून खासगी आहे. तेथें एका मालकानें देशभर किती केंद्रें बाळगावींत यावर कायद्याची मर्यादा असे. १९९६ पूर्वीं ती चाळीस होती. त्या सालीं नव्या कायद्यानें ती उठविली. टेक्सास प्रांतांत १९७२ सालीं एका केंद्रापासून सुरू झालेल्या क्लिअर चॅनल कंपनीनें नंतर कंपन्यांमागून कंपन्या विकत घेतल्या, आणि २००० सालानंतर तिच्या हातीं बाराशेंच्या आसपास केंद्रें होतीं. दूरच्या एका शहरांत ध्वनिमुद्रित केलेला निवेदक अनेक गांवीं जणूं गांवचाच असल्यासारखा बोलूं लागला.

याचा परिणाम एका हिंवाळी रात्रीं दिसून आला. १८ जानेवारी २००२ रोजीं पहाटेपूर्वीं नॉर्थ डाकोटा प्रांतांतील मायनॉट या गांवाजवळ मालगाडी रुळांवरून घसरली आणि तिच्या टाक्यांतून अमोनिया वायूचा लोट सुटला. गांवचीं सहाहि व्यापारी केंद्रें या एकाच कंपनीचीं होतीं. लोकांना घरांतच राहण्यास सांगावें म्हणून पोलीस केंद्राकडे दूरध्वनि करूं लागले. पण प्रतिसाद मिळेना. कंपनीचें म्हणणें असें कीं केंद्रावर माणूस होता, आणि धोक्याची सूचना देणारें यंत्र पोलिसांना चालवितां आलें नाहीं. दोष कोणाचाहि असो. त्या रात्रीं एक मनुष्य दगावला, शेंकडोंना वायूची बाधा झाली, आणि सहा केंद्रें असूनहि धोक्याची सूचना वेळेवर लोकांपर्यंत पोंचली नाहीं. शिवाय एवढा विस्तार कर्ज काढून केलेला. कंपनीनें पुढें आयहार्टमीडिया असें नांव घेतलें. तिच्यावरील कर्ज वीस अब्ज डॉलरांच्या वर गेलें आणि २०१८ सालीं तिला दिवाळखोरीच्या न्यायालयाचा आश्रय घ्यावा लागला.

आपल्याकडे खासगी रेडिओ आला तो या शतकाच्या आरंभीं. जुलै २००१ मध्यें बंगलोरास रेडिओ सिटी हें पहिलें खासगी एफ्. एम्. केंद्र सुरू झालें. २०१५ सालीं जागरण प्रकाशन या वृत्तपत्र-कंपनीनें तें सर्व कुटुंब विकत घेतलें. वीस केंद्रें त्यांचीं, आठ रेडिओ मंत्र या दुसऱ्या मालिकेचीं जोडलेलीं, आणि अकरा सरकारी लिलांवांत मिळविलेलीं, अशीं एकूण एकोणचाळीस झालीं. नांदेड, सोलापूर, जळगांव, अकोला अशीं आपलीं शहरेंहि त्यांत आलीं. याच कंपनीनें २०१९ सालीं अठ्ठावन केंद्रांची बिग एफ्. एम्. मालिका १,०५० कोटि रुपयांस घेण्याचा करार केला होता. पण तो सौदा पुरा झाला नाहीं. बिग एफ्. एम्. चालविणारी कंपनी पुढें दिवाळखोरींत गेली, आणि २०२४ सालीं न्यायाधिकरणाच्या संमतीनें ती सफायर मीडिया या कंपनीकडे आली. १९३० सालची मुंबईची गोष्ट जणूं पुन्हां घडली : केंद्रें बुडालेल्या मालकाकडून सावध मालकाकडे जातात.

आपल्या सरकारनें मात्र या व्यवहाराला कुंपण घातलें आहे. एका मालकाकडे देशांतील एकूण खासगी केंद्रांपैकीं पंधरा टक्क्यांहून अधिक असूं नयेत, जम्मू-काश्मीर, ईशान्येकडील राज्यें व बेटें यांचा अपवाद सोडून, असा नियम २०२२ पर्यंत होता. आणि एका शहरांतील चाळीस टक्क्यांहून अधिक केंद्रें एकाच्या हातीं जाऊं नयेत, तसेंच तेथें किमान तीन निरनिराळे मालक असावेत, असा नियम आहे. मायनॉटसारखी स्थिति आपल्या शहरांत येऊं नये म्हणून हें कुंपण उपयोगी आहे. पण तें मालकांची संख्या मोजतें. कार्यक्रम कोठें तयार होतात हें मोजत नाहीं. तीन मालकांचीं तीन केंद्रें मुंबईहून आलेलीं तींच गाणीं लावूं लागलीं, तर नियम पाळला जातो आणि गांव तरीहि मुकेंच राहतें. त्यांतून खासगी केंद्रांना स्वतःचीं बातमीपत्रें देण्याची मुभा नाहीं, म्हणून गांवची बातमी गांवाला सांगण्याचा भार अजूनहि आकाशवाणीवरच आहे.

या दृष्टीनें लहान समाज-रेडिओ केंद्रांचें मोल मोठें आहे. सातारा जिल्ह्यांतील म्हसवडचें माणदेशी तरंग किंवा जुन्या हैदराबाद संस्थानांतील माचनूरचें संघम् रेडिओ, हीं दोन्ही २००८ पासूनचीं. तेथें बोलणाऱ्या बायाबापड्या त्याच मातींतल्या. अशा केंद्रांचा परवाना बाजारांत विकण्यासाठीं नसतो. त्यामुळें तीं कोणत्याहि मालिकेच्या पोटांत जात नाहींत.

तरीहि आकाशवाणीसारख्या मोठ्या संस्थेवांचून आपलें चालणार नाहीं. म्हणून तिच्यावर लक्ष ठेवणें हें श्रोत्यांचें काम आहे. जून २०२३ मध्यें पुणें केंद्राचा वृत्तविभाग बंद करून तें काम छत्रपति संभाजीनगराकडे, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादेकडे, सोपविण्याचा आदेश निघाला. पुणेंकरांनीं विरोध केला आणि तो आदेश थांबविण्यांत आला. आपल्या भागाकडे काम येत होतें म्हणून आपण आनंद मानावा काय? सत्तर वर्षांपूर्वीं जें आपल्या वांट्यास आलें, तें दुसऱ्याच्या वांट्यास यावें असें ज्यांनीं तें सोसलें आहे त्यांनीं इच्छूं नये. एका गांवचा आवाज दुसऱ्या गांवीं नेल्यानें आवाज वाढत नाहीं. एक गांव बोलतें आणि दुसरें ऐकतें, इतकाच फरक होतो.

तेव्हां रेडिओ-केंद्र दुसऱ्याच्या हातीं जात आहे असें ऐकलें, म्हणजे किंमत किती कोटि हें विचारण्याआधीं तीन प्रश्न विचारावे. या केंद्रावर रोज किती तास कार्यक्रम येथेंच तयार होणार? रात्रीं नदीला पूर आला किंवा कारखान्यांत आग लागली, तर दार उघडून बोलणारा माणूस गांवांत असेल काय? आणि हा आवाज पटला नाहीं, तर बटण फिरवून दुसऱ्या मालकाचा आवाज ऐकतां येईल काय? तिन्ही उत्तरें समाधानकारक असलीं, तर मालक दिल्लीचा असो, मुंबईचा असो कीं आणखी कोठला असो, त्या एकत्रीकरणाचें स्वागत करावें. उत्तरें नसलीं, तर लाभाच्या बाजूस कितीहि मोठा आंकडा मांडलेला असो, त्या वहींत एका गांवाचें नांव खर्ची पडलें आहे असें समजावें. आमच्या भागाचें तें एकदां पडलें होतें. आणि परत जमेस येण्यास जवळजवळ एक पिढी जावी लागली.